सेतू ओलांडण्याआधी वहाळला जाऊन या

उलव्यातल्या माणसाला इतिहास बघायचा असला की तो अटल सेतूवरून पलीकडे जातो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सारखी कुठल्या ना कुठल्या हेरिटेज वॉकची जाहिरात येते. काळा घोडा, फोर्ट, बाणगंगा, खोताची वाडी. माणशी पाचशे-सातशे रुपये, टोपी आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची, शेवटी इराण्याकडे बनमस्का. मंडळी हौसेने जातात, जुन्या दारांसमोर फोटो काढतात आणि दुपारच्या जेवणाला सेक्टरात परत येतात. जाण्याला माझी हरकत नाही. मी गिरगावात वाढलो. खोताची वाडी माझ्या शाळेच्या वाटेवर होती आणि ती देखणी आहे हे मला कुणी माइक लावून सांगायला नको. दादोबा वामन खोत यांच्या नावाची ती वाडी, ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी जिन्यांची आणि पुढे व्हरांडा असलेली घरं. एके काळी ती पासष्टच्या आसपास होती, आता त्याच्या निम्मीही नाहीत. जी उरली ती तिथल्या रहिवाशांच्या चिवटपणामुळे. बघावीच.

पण ज्या गावांच्या जमिनींवर आपले टॉवर उभे आहेत ती गावं इथेच आहेत, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, आणि आठ-आठ, दहा-दहा वर्षं उलव्यात राहिलेली माणसं तिथे पायी कधी गेलेली नसतात. वहाळ, बामणडोंगरी, जावळे, गव्हाण, शेलघर, मोरावे, न्हावे. ही नावं आपल्याला स्टेशनच्या पाट्यांवरून, नाहीतर रिक्षावाल्याच्या तोंडून माहीत. नवी मुंबईतली सर्वांत जुनी आणि आजही हाताने काहीतरी घडवणारी वस्ती म्हणजे ही गावठाणं. ती पायी बघण्याजोगी आहेत आणि ती तशी ठेवणं हे शहर आखणाऱ्यांचं काम आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सुरुवातीला साखळी आणि फलकयंत्र, शेवटी शेवटी उपग्रहांकडून आकडे घेणारी यंत्रं. चालणं मात्र सुटलं नाही, कारण हद्दीचा दगड गाडीतून दिसत नाही. गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका. ही एकेरी तुटक रेष वाचायची सवय लागली की नवं शहर वेगळंच दिसायला लागतं. सरळ, रुंद रस्त्यांच्या जाळ्यात मध्येच एक गल्ली तिरकी का जाते? कारण ती आधीची आहे. तिथून बायका उघाडीपाशी मासळीला जात होत्या, बैल खाराकडे जात होते. आखणी करणाऱ्याने पट्टी ठेवली तेव्हा त्या वाटेने पट्टीला जुमानलं नाही.

उलव्याची गंमत अशी, की ज्या गावाचं नाव आपण पत्त्यात लिहितो ते गाव आता त्याच्या जागी नाही. (गंमत हा शब्द त्या गावच्या माणसासमोर वापरू नये.) मूळ उलवे नवी मुंबई विमानतळाच्या हद्दीत गेलं. त्याच्याबरोबर तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. दहा गावं, सुमारे तीन हजार कुटुंबं. वडघर, वहाळ, कुंडेवहाळ या भागांत आखून दिलेल्या भूखंडांवर त्यांनी पुन्हा घरं बांधली, गावदेवीही बरोबर नेली. नव्वद मीटरहून उंच अशी उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट केली. उलवे नदी वळवली. वाघिवलीवाड्याजवळ गावकरी ज्याला केरुमातेचं म्हणत ते लेणं होतं. ते जपावं म्हणून बौद्ध संघटनांनी आवाज उठवला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये विमानतळाचं भूमिपूजन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी प्रवासी विमानं सुरू झाली. योगायोग असा, की त्याच ८ ऑक्टोबरला भुयारी मेट्रो तीनच्या शेवटच्या टप्प्याचंही उद्घाटन झालं, म्हणजे गिरगावातही स्टेशन आलं. माझं जुनं गाव आणि नवं गाव एकाच दिवशी बदललं आणि दोन्हीकडे फीत कापणारे हात तेच होते.

विमानतळाचं राहू द्या. तुमच्या कपाटातली फ्लॅटची फाईल काढा. आपल्या नोडमधल्या पुष्कळ इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आहेत, त्यामुळे मधल्या कागदांत बहुधा एक त्रिपक्षीय करार सापडेल: सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर. बँकेच्या वकिलाने तो वाचलेला असतो, आपण नाही. त्यात भूखंडधारक शेतकऱ्याच्या नावाशी त्याचं गाव लिहिलेलं असतं. माझ्या फाईलमध्ये गव्हाण निघालं. मी ते नाव घेऊन गव्हाणला चालत गेलो आणि तिथून माझी ही भटकंती सुरू झाली.

हा साडेबारा टक्क्यांचा भूखंड कुणी खुशीने दिलेला नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मीठागरं, पिढ्यान् पिढ्या बांध घालून समुद्राकडून सोडवलेली खारजमीन. मोबदल्याच्या प्रश्नावर जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं आणि १९९० मध्ये त्याची योजना झाली. विमानतळासाठी पुढे ते साडेबावीस टक्के झालं. काळा घोड्याला दगडी इमारतीचा वास्तुविशारद कोण हे आपण पैसे देऊन ऐकतो. आपल्याच जोत्याखालच्या जमिनीचा हिशोब असा आहे, हे सांगणारी फेरी मात्र उलव्यात निघत नाही.

आता चालायला लागू. सकाळी सातला बामणडोंगरी स्टेशनपासून निघावं, नंतर ऊन सोसत नाही. सेक्टरातला भाग भराभर उरकावा, तिथे बघण्यासारखं फार नाही. पदपथ आहे, पण सलग नाही. मध्येच विजेचा डबा, मध्येच दुकानाची पायरी, मध्येच कुणाची तरी चारचाकी, की माणूस उतरतो रस्त्यावर. रस्त्याची रुंदी अशी की पलीकडच्या फुटपाथवरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारली तर ती पोचत नाही. तळमजल्यावर पार्किंग, त्यामुळे दोन्ही बाजूंना दार नाही, खिडकी नाही, नुसते खांब आणि शटर. चालणाऱ्याला बघायला काही लागतं, आणि त्याला बघणारंही कुणी लागतं.

वहाळच्या वेशीशी हे एकदम बदलतं. साईमंदिराची गर्दी सोडून आत शिरलं की गल्ली तीन पावलांवर येते. घरांचे ओटे समोरासमोर. ओट्यावर कुणी तांदूळ निवडतंय, कुणी जाळं शिवतंय, कुणी नुसतं बसलंय, आणि सगळ्यांची नजर तुमच्यावर. पहिल्यांदा अवघडायला होतं. मग कळतं की हीच इथली राखण आहे, सीसीटीव्हीपेक्षा जुनी. दोन पक्क्या इमारतींच्या फटीत एखादं मंगळुरी कौलांचं घर अजून तग धरून असतं: पुढे पडवी, आत माजघर, दाराच्या चौकटीला तेलरंगाचे थरावर थर. तो हिरवा आणि तो गुलाबी रंग सेक्टरात कुणी भिंतीला लावणार नाही. बंगल्यांवर आईवडिलांची नावं, त्याच्या शेजारी कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. (इथे नगरपालिकाच नाही, तरी भावी नगरसेवक आहेत. आशा असावी.) विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीवर वाळत घातलेला गणवेश. देवळापुढे पत्र्याची शेड, तिच्यात गावकीची बैठक भरते आणि पावसाळ्यात क्रिकेटही.

जून ते ऑगस्ट या दिवसांत गेलात तर तळमजल्यावरची एखादी खोली उघडी दिसेल. आत पेणकडून, हमरापूर-जोहे भागातून आणलेल्या कच्च्या मूर्ती रांगेने मांडलेल्या. पोरं अंगरंग मारतात. डोळ्यांची आखणी मात्र एकच माणूस करतो, इतरांना तो ब्रश मिळत नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून एका तरुणाला आखणी करताना बघत होतो. दिवसा तो बंदरात कंटेनरच्या नोंदी ठेवतो. श्वास रोखून बुबुळाची कड काढली, मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, उजेड सोडा." मी बाजूला झालो. पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालंय हे आपण बातमीत वाचतो. त्या मूर्तीचे डोळे आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर उघडतात, ही बातमी होत नाही.

आगरी-कोळी समाजाच्या कलेची अशी गत आहे की तिचा आवाज सगळ्यांना माहीत, पत्ता कुणालाच नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लग्नाच्या हळदीला जी गाणी वाजतात त्यातली निम्मी या पट्ट्यातल्या बोलीतली. यूट्यूबवर त्यांचे व्हिडिओ लाखांनी बघितले जातात. बोट, खाडी, नऊवारी, मागे अटल सेतू. ही गाणी ध्वनिमुद्रित होतात ती अशाच गल्ल्यांतल्या, भिंतींना स्पंज चिकटवलेल्या खोल्यांत. बँजो पार्टी तालमीला बसते ती कुणाच्या तरी गच्चीवर. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली धवलारीण अजून काही घरांत आहे. लग्नाचे विधी तिने गायलेल्या धवल्यांशिवाय पुढे सरकत नसत. भटजी नसला तरी चाले, धवलारीण लागे. अशी एक आजी मला भेटली. गाऊन दाखवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि बरंच झालं, कारण तिने स्वतःच सांगितलं, की हे असं बसल्या जागी म्हणायचं गाणं नाही, मांडव लागतो. "बस जरा, पानी पी," म्हणाली. पाणी प्यायलो. तिच्या नातसुनेने मला कुठल्या सेक्टरातून आलात ते विचारलं, मी सांगितलं, तशी आजी म्हणाली, "तिथं आमचं भात व्हायचं." कुठली तक्रार नव्हती त्या आवाजात. मला पत्ता नीट सापडला याची खात्री करून घेत होती, इतकंच.

गव्हाणला जाताना खाराच्या बाजूने गेलं तर जुना बांध अजून ओळखू येतो. भरतीचं पाणी अडवायला बांध, पावसाचं पाणी सोडायला उघाडी, आत खारं सोसणारं भात आणि तळ्यात जिताडा. या किनारपट्टीवरची ही खरी स्थापत्यकला, आणि ती बांधणारा वास्तुविशारद एक नव्हे, सगळं गाव. बांध फुटला की रात्री-अपरात्री घरटी माणूस जायचा. आता आत भात नाही, बांधावर राडारोडा पडलाय आणि खारफुटीने आपली जागा परत घेतलीय. गव्हाणात रयत शिक्षण संस्थेची शाळा आहे. या गावांतली पहिली शिकलेली पिढी अशा शाळांतून बाहेर पडली, आणि पुढे मोर्च्यांची पत्रकं तिनेच लिहिली. तिथून पुढे मोराव्याच्या किनाऱ्याला गेलात तर समोर घारापुरी. सहाव्या शतकातली लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा. आपण ती बघायला गेटवेला जाऊन लाँच पकडतो आणि तासभर उलट प्रवास करतो. या किनाऱ्यावरच्या माणसाला ती अंगणातून दिसते. त्याच अंगणात सुके बोंबील, वाकट्या, जवळा वाळत असतो. वासाने नाक मुरडणार असाल तर येऊच नका.

खाडीच्या पलीकडे बेलापूरला, सेक्टर आठमध्ये, आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. ते मुद्दाम बघावं आणि या गावांबरोबर ताडून बघावं. नव्या मुंबईची कल्पना १९६५ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी एक, चार्ल्स कोरिया, यांनी १९८३ ते १९८६ च्या दरम्यान सिडकोसाठी ती वसाहत आखली. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. अशा चढत्या क्रमाने वस्ती. प्रत्येक घर सुटं, सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसे पैसे जमतील तसं त्याने वाढवावं. जगभरच्या वास्तुकलेच्या पुस्तकांत हे काम शिकवतात. मी तिथे मोजपट्टी घेऊन गेलो होतो (सवय). मूळ उतरत्या छपराची घरं आता थोडीच. बाकीच्यांनी पाडून दुमजली-तिमजली बंगले चढवले. पण अंगणं टिकली आहेत, आणि संध्याकाळी त्यात पोरं खेळताना दिसतात. कोरियांचं शहाणपण अंगणात होतं, छपरात नव्हतं.

मला तिथे उभं राहून वाटलं ते असं: कोरियांनी इतक्या विचाराने कागदावर जे गाव काढलं, तसलीच अंगणं, तसेच ओटे, तशीच वाढती घरं याच शहराच्या पोटात आधीपासून होती, आणि आराखड्यात त्यांच्या जागी एक पांढरा ठिपका होता. वरती लिहिलेलं: गावठाण. आत काय आहे ते कुणी काढलं नाही. नियोजनाने कलाकारांसाठी गाव बांधलं आणि कलाकार असलेली गावं वगळली. कोरियांना मी दोष देत नाही, त्यांना नेमून दिलेलं काम ते होतं. आराखड्याला देतो.

आता दुसरी बाजू, आणि ती मला गव्हाणमध्येच ऐकवली गेली. माझ्या हातातली वही बघून एका गृहस्थांनी विचारलं, "जुनी घरं बघायला आलाव? बघा. पन आमी नवीन बांधलं तर त्याला परवानगी कोन देनार, तेवढं लिवा." लिहितो. गावठाणाची हद्द एकदा आखली ती आखली; घरातली माणसं दोनाची दहा झाली, हद्द वाढली नाही. शेती गेली, मग पोराचं लग्न झाल्यावर त्याने खोली कुठे काढायची? हद्दीबाहेर काढली की अनधिकृत. सरकारी भाषेत याला गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात. २०२२ मध्ये गावठाणाभोवती २५० मीटरपर्यंतची अशी बांधकामं नियमित करण्याचं धोरण शासनाने काढलं. गावांत अजून त्याच्या अटींवरच चर्चा चालते. कौलारू घर पाडून तीन मजले का चढवले, असं विचारणाऱ्याने हेही बघावं, की त्यातल्या वरच्या दोन मजल्यांच्या भाड्यावर घर चालतं आणि त्या खोल्यांत राहतात आपले डिलिव्हरीवाले, वॉचमन, घरकामाच्या बाया. उलव्याचा रोजचा गाडा ओढणारी माणसं सेक्टरात मावत नाहीत, गावात मावतात. तेव्हा गाव हे बघ्यांसाठी ठेवलेलं संग्रहालय व्हावं असं मी म्हणत नाही. कौल गेलं तर जाऊ दे. गल्ली, ओटा आणि अंगण जाऊ नये.

आणि ते जाण्याची वेळ आली आहे. गावठाणांचा समूह विकास करायचा, म्हणजे सगळं सपाट करून मोठे टॉवर उभारायचे, ही योजना नवी मुंबईत पुन्हा पुन्हा पुढे येते आणि ग्रामस्थ तिला पुन्हा पुन्हा विरोध करतात. विमानतळ सुरू झाल्यावर जमिनीचे भाव कुठे गेले ते इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. त्यामुळे हा विरोध किती वर्षं टिकेल, मला शंका आहे.

नव्या शहरात अडकलेल्या गावांचं पुढे काय होतं, याचे दाखले दूर जाऊन बघता येतात. दिल्लीत महसुली नकाशावर गावठाणाभोवती लाल रेघ ओढत; तिला लाल डोरा म्हणतात. रेघेच्या आत बांधकामाचे नियम सैल. त्यामुळे हौज खासच्या गावात १९८० च्या दशकात फॅशनवाले आणि कलादालनवाले स्वस्त जागेसाठी शिरले, शाहपूर जाटच्या वरच्या मजल्यांवर जरदोजीचे कारागीर बसले. वस्ती नावाजली, मग भाडी वाढली, मग हौज खासमध्ये कारागिरांच्या जागी बार आले. चीनमध्ये शेनझेन हे असंच नकाशावर आखून उभारलेलं शहर. त्याच्या पोटातल्या दाफेन गावात १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक चित्रव्यापारी थोडे चित्रकार घेऊन आला आणि पुढे ते गाव जगाला तैलचित्रांच्या नकला पुरवणारं केंद्र झालं. दोन्हीकडे कारण एकच: आखीव शहरात तळमजला महाग आणि बंद, गावात स्वस्त आणि उघडा. ज्याला रंग, सुई, तबला घेऊन बसायचंय तो गावात जातो. उलव्याच्या गावांत हे आपोआप, कुणाच्याही मदतीशिवाय चालू आहे. हौज खासचं जे झालं ते इथे होऊ नये असं वाटत असेल, तर भाव आणखी चढण्याआधी हालचाल हवी.

हालचाल कुणी करायची? इथेच गाडी अडते. उलवे ना नवी मुंबई महापालिकेत, ना पनवेल महापालिकेत. सेक्टर सिडकोकडे, गाव ग्रामपंचायतीकडे, आणि दोघांच्या मधला रस्ता, जिथे पदपथ संपतो आणि गल्ली सुरू होते, तो मोजणीच्या भाषेत सांगायचं तर बिनहद्दीचा. चालणाऱ्याला नेमकी तीच जागा ओलांडायची असते. म्हणून पहिलं काम सोपं आहे: स्टेशनपासून प्रत्येक गावाच्या देवळापर्यंत एक सलग, सावलीचा पदपथ. फार खर्चाचं नाही. दुसरं, कुठलीही समूह विकासाची योजना आणण्याआधी गावठाणाची घरवार मोजणी करा, आणि ती नुसत्या चौरस मीटरची नको. गल्ली, ओटा, विहीर, पार, तालमीची जागा, मूर्तीची खोली, मासळी वाळवायचं अंगण हे नकाशावर आलं पाहिजे. जे नकाशावर नसतं ते पाडताना कुणाला काही वाटत नाही, हे मी तीस वर्षं बघितलंय. मोजणीला ग्रामस्थ बरोबर हवेत, आणि नोंद त्यांच्या बोलीत हवी. आमच्यासारखे निवृत्त लोक फुकट राबायला तयार आहेत, विचारून तर बघा.

विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये इथल्या लोकांनी मानवी साखळी केली होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती गॅलरीतून, नाहीतर वाहतूककोंडीत अडकून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे माझ्याच इमारतीत मी ऐकलेलं आहे. ज्यांच्या साडेबारा टक्क्यांवर आपण हप्ते फेडतो त्यांच्याशी आपली ओळख नसली की असंच होतं.

तेव्हा उलवेकरांना विनंती आहे. एखाद्या रविवारी पलीकडे जायच्या ऐवजी वहाळ-गव्हाण चालून या. गाईड लागणार नाही, फी लागणार नाही. फोटो काढण्याआधी विचारा, मासळी घासाघीस न करता घ्या, कुणी बसा म्हणालं तर बसा. आणि १६ जानेवारीला जासईत १९८४ च्या हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन होतं. तिथे गावांतून माणसं येतात. सेक्टरांतून मला क्वचितच कुणी दिसतं. यंदा या.